निमो आजारी पडतो तेव्हा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी एका बोटभर लांबीच्या माशाच्या दुखण्याविषयी बोलणार आहे. मासा आणि दुखणं हे दोन शब्द एकत्र उच्चारले की आमच्या घरी अजूनही हसू फुटतं. त्याला कारण आहे. मी राहतो बोईसरला, नोकरी करतो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत, आणि माझी सासुरवाडी आहे सातपाटीची. जिथे पापलेटच्या हंगामावर घरांची लग्नं ठरतात, त्या गावाच्या जावयाने दोन इंचांच्या माशाला औषध पाजत रात्र जागवावी, ही गोष्ट तिथे चेष्टेचीच होणार.

पण गेल्या काही वर्षांत शहरांतच नव्हे, तर पालघर-बोईसरसारख्या गावांतही खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवणारी घरं दिसू लागली आहेत. पूर्वी गोल्डफिश आणि गप्पी यांवर हौस भागायची. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश मुलांच्या ओळखीचा झाला. दुकानात गेलेलं मूल बोट दाखवून ‘निमो’ म्हणतं आणि वडिलांचा हात खिशाकडे जातो. माझाही गेला. त्यातून जे घडलं, जे शिकलो आणि जे शिकायला एक मासा गमवावा लागला, ते आज सांगतो.

मुलगी तेव्हा चौथीत होती. मुंबईहून दोन क्लाऊनफिश घेतले, एक मोठा, एक जरा लहान. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी आणि हवा भरलेली, ती मांडीवर धरून लोकलने पालघरपर्यंत आणि पुढे बोईसरपर्यंत आलो. टाकी महिनाभर आधी तयार केली होती. मनात आधी विचार आला होता की समुद्र इतका जवळ, तर चिंचणीच्या किनाऱ्यावरून चार कॅन पाणी का आणू नये? आमच्या किनाऱ्याचं पाणी भरती-ओहोटीच्या जोराने कायम गढूळ असतं, पावसाळ्यात त्यातलं मीठ उतरतं, आणि त्यात आणखी काय मिसळतं याविषयी मी पुढे बोलणारच आहे. म्हणून तो विचार सोडला आणि गाळलेल्या पाण्यात मत्स्यालयाचं मीठ विरघळवून पाणी केलं. इथपर्यंत मी शहाणपणाने वागलो. त्यानंतर चूक केली. दोन्ही मासे पिशवीतून थेट मोठ्या टाकीत सोडले.

तिसऱ्या दिवशी मोठ्या माशाने खाणं सोडलं. तो पंपाच्या तोंडाशी, जिथे पाणी खळखळतं तिथे जाऊन उभा राहू लागला. अंगावर पांढुरके डाग दिसले. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ‘व्हाइट स्पॉट आहे, तांब्याचं औषध टाका.’ मी टाकलं. चौथ्या दिवशी माशाच्या अंगावरून पांढरट बुळबुळ सुटू लागली, उन्हात अंग भाजल्यावर साल निघावी तशी. पाचव्या दिवशी सकाळी मासा तळाशी आडवा पडलेला होता. मुलगी शाळेत जायच्या घाईत होती. तिने पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘बाबा, तुम्ही औषध दिलं होतं ना?’

श्रोतेहो, मी दिवसभर कारखान्यात हेच काम करतो. आलेला नमुना आधी तपासायचा, मग त्यावर काय प्रक्रिया करायची ते सांगायचं. तपासणीशिवाय प्रक्रिया केली तर बॅच वाया जाते हे मी नव्या मुलांना शिकवतो. आणि घरी मात्र फोनवरच्या एका शब्दावर औषध ओतलं होतं.

दुसरा मासाही आता जोरजोरात श्वास घेत होता. पालघरच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. मेलेला मासा ओल्या पिशवीत घालून मी त्यांच्याकडे नेला. त्यांनी कातडीवरची बुळबुळ काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला म्हणाले, ‘या, बघा.’ मी डोळा लावला. वालाच्या दाण्याच्या आकाराचे असंख्य जीव, कडेला बारीक केसांची झालर, गिरक्या घेत इकडून तिकडे पळत होते. व्हाइट स्पॉट नव्हताच तो. तो होता ब्रुकलिनेला.

हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. ब्रुकलिनेला हॉस्टिलिस हा एकपेशीय परजीवी. लोम आणि नायग्रेली या दोन शास्त्रज्ञांनी १९७० साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागावरून त्याला नाव मिळालं. तो इतरही सागरी माशांना होतो, पण क्लाऊनफिशला इतक्या वेळा होतो की जगभरचे हौशी लोक त्याला ‘क्लाऊनफिशचा रोग’ असंच म्हणतात. समुद्रातून पकडलेला, पिशव्यांतून आणि गोदामांतून प्रवास करून थकलेला मासा त्याला पटकन बळी पडतो. हा जीव माशाच्या कातडीवर आणि कल्ल्यांवर राहतो, तिथल्या पेशी खातो आणि एकाचे दोन, दोनाचे चार असा तिथेच वाढत जातो. म्हणूनच आज बरा दिसणारा मासा परवा मेलेला सापडतो. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे तांब्याच्या औषधाने तो मरत नाही. मी दिलेलं औषध चांगलंच होतं, फक्त ते दुसऱ्याच रोगाचं होतं.

तर पहिला प्रश्न, रोग ओळखायचा कसा? प्रत्येकाकडे सूक्ष्मदर्शक नसतो. पण डोळे असतात. क्लाऊनफिशच्या अंगावर दिसणारे तीन मुख्य परजीवी मी घरच्या भाषेत असे लक्षात ठेवतो: मीठ, धूळ आणि साल.

मीठ म्हणजे खरा व्हाइट स्पॉट. त्याचा परजीवी क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. माशाच्या अंगावर, परांवर मिठाचे किंवा रव्याचे सुटे कण चिकटल्यासारखे दिसतात. ठिपका मोजता येतो, त्याला कड असते. मासा दगडाला अंग घासतो. हा रोग सहसा काही दिवस घेतो, त्यामुळे उपचाराला वेळ मिळतो.

धूळ म्हणजे व्हेलव्हेट, अमिलूडिनियम ओसेलॅटम. यात ठिपके इतके बारीक असतात की मोजता येत नाहीत. बाजूने विजेरीचा प्रकाश टाकला तर अंगावर पिवळसर, सोनेरी भुकटी भुरभुरल्यासारखी वाटते. पावसाळ्याआधी किंवा नंतर कधी कधी आपल्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात. त्या चमकणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या गोतावळ्यातलाच हा एक, पण परजीवी झालेला. हा आधी कल्ल्यांवर बसतो. म्हणून अंगावर काही दिसण्याआधीच मासा धापा टाकू लागतो, प्रकाशापासून लपतो, प्रवाहात तोंड धरून उभा राहतो. तिघांत सर्वात घाई याच्या बाबतीत करावी लागते, कारण काही वेळा एका दिवसात खेळ संपतो.

आणि साल म्हणजे ब्रुकलिनेला. यात सुटा ठिपका नसतो. डोक्यापासून सुरू होऊन अंगावर पांढरट ढग पसरल्यासारखा दिसतो, रंग फिका पडतो, बुळबुळ धाग्यांसारखी लोंबते आणि साल सुटते.

याशिवाय डोळ्यांनी दिसणारे परजीवीही आहेत. चपट्या कृमी कातडीला आणि कल्ल्यांना चिकटतात. मासा डोकं झटकतो, डोळे धुरकट होतात. आणि समुद्रातून पकडलेल्या माशावर कधी उवेसारखा दिसणारा आयसोपॉड सापडतो. हा कोळणींना नवा नाही. बांगडा साफ करताना कल्ल्याखाली पांढरट, पायांचा किडा निघतो, तो याच घराण्यातला. याच्या काही जाती माशाची जीभ खाऊन जिभेच्या जागीच ठाण मांडतात. बाहेरून दिसणारा किडा चिमट्याने काढता येतो, पण ते काम जाणकाराच्या हातून करावं.

जे रोग नाही त्यालाही रोग समजू नये, हे सांगणं तितकंच जरुरीचं आहे. लहान क्लाऊनफिश मोठ्यासमोर अंग थरथरवतो. नवखा माणूस घाबरतो. पण ते नमतं घेणं असतं, जसं वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालावी तसं. रात्री हा मासा तिरका होऊन, टाकीच्या कोपऱ्यात डुलत झोपतो. तेही ठीक आहे. अंगावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ आली तर ती बहुधा विषाणूची असते, परजीवीची नव्हे, आणि चांगलं पाणी व चांगलं खाणं मिळालं तर पुष्कळदा आपोआप ओसरते. अशा माशाला औषधाच्या बाटल्या पाजणं म्हणजे निरोग्याला आजारी पाडणं.

ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण मला कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही. माझ्या सासूबाईंनी शिकवली. त्यांनी आयुष्यभर सातपाटीच्या बंदरावर मासळी पाहिली आहे. ताजा मासा ओळखताना त्या आधी कल्ला उचलून बघतात. आमच्या टाकीसमोर त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा उरलेल्या माशाकडे बघून म्हणाल्या, ‘जावईबापू, अंग काय बघता, कल्ला बघा. किती भराभर उघडतो तो.’ त्या दिवसापासून मी घड्याळ लावून मोजतो. माशा निरोगी असताना एका मिनिटात कल्ले किती वेळा हलतात, ते एका कागदावर लिहून टाकीवर चिकटवून ठेवावं. तो आकडा दीडपट, दुप्पट झाला की अंगावर काही दिसो न दिसो, काहीतरी बिनसलं आहे असं समजावं. आधी पाण्यातला अमोनिया आणि प्राणवायू तपासावा, कारण धाप लागण्याचं ते पहिलं कारण. पाणी ठीक असेल तर परजीवीचा संशय घ्यावा.

आता उपचार. पण त्याआधी एक नियम. उपचार मोठ्या टाकीत करू नये. मोठ्या टाकीत दगड असतात, ते तांबं शोषून घेतात आणि मात्रा चुकते. कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल असेल तर ती तांब्याने मरतात. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणूही औषधाने दुबळे होतात. म्हणून एक छोटी वेगळी टाकी हवी. तिला वाळू नको, दगड नको. एक स्पंजचा फिल्टर, एक हवेचा पंप, एक तापमापी आणि लपायला नळाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, एवढं पुरे. स्पंज मात्र आधी काही आठवडे मोठ्या टाकीत ठेवून मुरवलेला असावा, नाहीतर छोट्या टाकीत अमोनिया साठून मासा रोगाआधी त्यानेच जाईल. २०२० नंतर क्वारंटाइन या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माशालाही तोच नियम आहे. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळा ठेवायचा. मी तेवढं केलं असतं तर हे भाषण करण्याची वेळ आली नसती.

मिठासारख्या ठिपक्यांच्या रोगाचं जीवनचक्र समजलं की उपचार समजतो. हा परजीवी माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो. मग सुटून तळाशी पडतो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. काही दिवसांनी, क्वचित दोन महिन्यांनीही, कवच फुटतं आणि पोहणारी पिल्लं नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध लागतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखाली बसलेल्याला नाही, कवचातल्यालाही नाही. म्हणूनच ठिपके गेले की लोक औषध थांबवतात, आणि दहा दिवसांनी दुप्पट ठिपके येतात. ठिपके जाणं म्हणजे रोग बरा होणं नव्हे, तो फक्त तळाशी गेलेला असतो.

त्यावर तीन वाटा आहेत. पहिली, तांबं. विरघळलेलं मुक्त तांबं दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, तीन आठवडे किंवा अधिक काळ, रोज चाचणी संचाने मोजून. यापेक्षा कमी झालं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. बाजारात बांधलेल्या स्वरूपातलं तांबंही मिळतं, त्याचं प्रमाण वेगळं असतं, तिथे बाटलीवरचं वाचावं. दुसरी वाट, पाणी हळूहळू पातळ करून मिठाचं प्रमाण लिटरला १५ ग्रॅमच्या आसपास आणायचं आणि तीन-चार आठवडे तिथेच राखायचं. मासा हे सहन करतो, परजीवी करत नाही. पण मोजायला चांगला रिफ्रॅक्टोमीटर हवा, अंदाज चालत नाही. तिसरी वाट बिनऔषधाची. दोन छोट्या टाक्या घ्यायच्या. दर तीन दिवसांनी मासा एकातून दुसरीत हलवायचा, रिकामी झालेली धुऊन खडखडीत वाळवायची. असं चार वेळा केलं की मासा पुढे जातो आणि परजीवी मागे राहतो. कष्ट आहेत, पण मला ही वाट सर्वात आवडते.

धुळीच्या रोगावर पाणी पातळ करण्याचा उपयोग नाही, तो परजीवी कमी मिठातही तग धरतो. तिथे तांबंच, आणि त्याच दिवशी. चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल नावाचं औषध चालतं. तसंच गोड्या पाण्याची आंघोळही चालते, मात्र त्या पाण्याचं तापमान आणि आम्लता टाकीइतकी करून घ्यायची, खाली हवेचा दगड सोडायचा आणि मासा तीन ते पाच मिनिटंच ठेवायचा. तो अस्वस्थ झाला तर लगेच बाहेर.

आणि साल सुटणाऱ्या रोगावर, म्हणजे ब्रुकलिनेलावर, परिणामकारक औषध फॉर्मेलिन. इथे मला थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण आमच्या वसाहतीत फॉर्मेलिन मिळणं कठीण नाही आणि त्याचाच धोका आहे. माझ्या एका मित्राने प्रेमाने एका ड्रममधून बाटली भरून आणून दिली. मी बाटली प्रकाशासमोर धरली तर तळाला पांढरा साका. थंडीने किंवा जुनं झाल्याने फॉर्मेलिनमध्ये असा साका बसतो आणि तो माशाला अतिशय विषारी असतो. ती बाटली परत गेली. महाविद्यालयातल्या स्नेह्यांनी ताजं, ३७ टक्क्यांचं फॉर्मेलिन दिलं. दहा लिटर टाकीतलं पाणी बादलीत घेऊन त्यात दीड मिलिलिटर, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून. म्हणजे दशलक्ष भागांत दीडशे भाग. पुस्तकांत दीडशे ते अडीचशेपर्यंत मात्रा आणि जास्तीत जास्त एक तास असं दिलेलं असतं, पण आमच्याकडचं पाणी उबदार, उबदार पाण्यात फॉर्मेलिन जास्त झोंबतं आणि प्राणवायू कमी असतो, म्हणून खालचीच मात्रा. फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायूही कमी करतं, त्यामुळे हवेचा पंप पूर्ण जोरात.

हे काम मी गॅलरीत केलं, हातमोजे आणि चष्मा घालून, मुलीला आत ठेवून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. दोन इंचांच्या माशासाठी घरातल्या माणसांच्या फुप्फुसांशी खेळू नये. ज्यांना मोजमापाची सवय नाही त्यांनी हे औषध हातात घेऊ नये, मत्स्यशास्त्राच्या किंवा पशुवैद्यकाच्या जाणकाराला विचारावं. आणि दोन औषधं एकत्र तर कधीच करू नयेत.

चाळीस मिनिटं मी बादलीशेजारी बसून होतो. कल्ले मोजत होतो. मासा एकदा कलंडला तेव्हा हात पुढे गेलाच होता, पण तो सावरला. मग स्वच्छ पाण्याच्या छोट्या टाकीत सोडला. एक दिवस आड करून असं तीन वेळा केलं. तिसऱ्या आंघोळीनंतर दोन दिवसांनी त्याने कोळंबीचा बारीक कण तोंडात घेतला, थुंकला आणि पुन्हा घेतला. मुलगी ओरडली, ‘खाल्लं!’ मोठी टाकी सहा आठवडे बिनमाशाची ठेवली.

याच्या पुढची गोष्ट निसर्गाची आहे. क्लाऊनफिश जन्माला येतात ते सगळे नर म्हणून. गटातला सर्वात मोठा मासा मादी होतो. मादी गेली तर तिचा जोडीदार नर काही महिन्यांत मादी बनतो आणि लहानांपैकी एक त्याच्या जागी येतो. आमचा गेलेला मोठा मासा मादी असावा. उरलेल्याशेजारी आम्ही पुढे एक लहान मासा आणला, अर्थातच वेगळ्या टाकीत महिनाभर ठेवून. दीड वर्षाने टाकीतल्या टाइलच्या तुकड्यावर केशरी अंडी दिसली. आम्ही ज्याला ‘तो’ म्हणत होतो, ती अंडी त्यानेच घातलेली. नवा लहान मासा परांनी त्यांना वारा घालत होता. अंड्यांतून पिल्लं साधारण आठवडाभराने, रात्रीच्या अंधारात बाहेर येतात. आमची जगली नाहीत. त्यांना पहिले काही दिवस डोळ्यांना न दिसणारं जिवंत खाद्य लागतं, ते आमच्याकडे नव्हतं.

ज्यांच्याकडे आहे अशा संस्था देशात आहेत, आणि हे हौशी माणसाने जाणून घ्यायला हवं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तामिळनाडूतील मंडपम आणि केरळातील विझिंजम इथल्या केंद्रांत क्लाऊनफिशचं प्रजनन यशस्वी झालं आहे. आपल्या महाराष्ट्रात नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या सागरी माशांचं संवर्धन केंद्र उभं राहिलं आहे. टाकीत जन्मलेला मासा समुद्रातून ओढून आणलेला नसतो, तो कोरडं खाद्य खातो, त्याच्या अंगावर परजीवी असण्याची शक्यता कमी असते. चार पैसे जास्त गेले तरी असाच मासा मागावा. मासा घेताना दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा आणि कल्ले मोजा. आणि प्रवाळ मागू नका. समुद्रातले दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघ ज्या परिशिष्टात आहे त्याच. ते घरात ठेवणं गुन्हा आहे.

शेवटी थोडं टाकीच्या बाहेरचं. अंडी पाहायला सासूबाई मुद्दाम सातपाटीहून आल्या होत्या. मी त्यांना उत्साहाने दाखवत होतो: ही तांब्याची चाचणी, हा अमोनियाचा रंग, दर आठवड्याला इतकं पाणी बदलतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘तुमच्या पेटीतलं पाणी बदलता येतं, जावईबापू. आमच्या खाडीचं कसं बदलणार?’

मला उत्तर देता आलं नाही. मी ज्या वसाहतीत नोकरी करतो, ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक प्रदूषित ठरली होती. वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध इथल्या मांगेला मच्छीमार समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. नवापूर, मुरबे, सातपाटीचे लोक जे सांगतात ते माझ्या घरातल्या माणसाच्या तोंडून मी ऐकतो, आणि सकाळी त्याच वसाहतीच्या बसमध्ये बसतो. माझं घर त्या पगारावर चालतं, हेही खरं आहे.

मी एवढंच केलं. प्रयोगशाळेत सांडपाण्याचा नमुना येतो तेव्हा पूर्वी मी आकडा लिहून पुढे सरकवत असे. आता आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर तो लाल शाईने लिहितो, खाली सही करतो आणि वरिष्ठांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवतो. एक-दोनदा त्यावरून बोलणी खाल्ली. ०.२० आणि ०.२५ यांतल्या फरकाने मासा मरतो, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. समुद्रातल्या माशाचं शरीर काही निराळं नसतं.

तेव्हा श्रोतेहो, घरी निमो आणायचा असेल तर जरूर आणा. पण आधी छोटी टाकी मांडा, मग मोठी. औषधाची बाटली उघडण्याआधी विजेरी हातात घ्या, कल्ले मोजा, आणि मीठ, धूळ की साल ते ठरवा. वापरलेलं औषधाचं पाणी गटारातून खाडीत सोडू नका. तांब्याचं पाणी मी जुन्या प्लॅस्टिकच्या पिंपात साठवतो आणि कारखान्यात परवानगी घेऊन प्रक्रियेला देतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी बिनऔषधाची, टाकी बदलण्याची वाट धरावी.

मुलगी आता मोठी झाली आहे. टाकीवर चिकटवलेला कल्ल्यांच्या आकड्यांचा कागद हल्ली तीच बदलते.